एमएच्या पहिल्याच सत्रात उघडणारं रिझर्व्ह बँकेचं दार

डिचोलीच्या एका मुलीने मला विचारलं आहे: "मॅडम, अर्थशास्त्र घेऊन बीए झाले, आता गोवा विद्यापीठात एमएला प्रवेश घेतेय. मला रिझर्व्ह बँकेत संशोधनाचं काम करायचंय. सगळे म्हणतात, आधी एमए पुरं कर, मग अधिकारीपदाच्या ग्रेड बीच्या परीक्षेला बस. शिकत असतानाच तिथे जायची काही वाट असते का? आणि आमच्यासारख्या गावातल्या मुलांना तिथे घेतात का?"

वाट आहे. एक नाही, चार-पाच आहेत. पण "आधी एमए पुरं कर" हे ऐकून तू दोन वर्षं थांबलीस, तर त्यातली विद्यार्थ्यांसाठी म्हणून ठेवलेली वाट तुझ्यासाठी कायमची बंद होईल. म्हणून सगळ्यात आधी तिच्याबद्दलच लिहिते. मी सहा वर्षं मुंबईत एका बँकेच्या अर्थशास्त्र विभागात काम केलं आणि त्यानंतर सव्वीस वर्षं गोव्यात अर्थशास्त्र शिकवलं. या काळात किती हुशार मुलांनी ही वाट केवळ तारीख ठाऊक नसल्यामुळे गमावली, ते मी पाहिलं आहे.

रिझर्व्ह बँक दरवर्षी देशभरातून सुमारे १२५ विद्यार्थ्यांना उन्हाळी इंटर्नशिपसाठी घेते. अर्थशास्त्र, अर्थमिती, संख्याशास्त्र, वाणिज्य, बँकिंग, वित्त, व्यवस्थापन आणि कायदा या विषयांचे विद्यार्थी त्यात येतात. अर्ज १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या दोन महिन्यांत भरायचा. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात आणि एप्रिल ते जुलै या काळात जास्तीत जास्त तीन महिने काम असतं. स्टायपेंड महिना २०,००० रुपये. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. पण एका अटीवर मुलांची नजर जात नाही: विद्यार्थी शेवटून दुसऱ्या वर्षाला असला पाहिजे. दोन वर्षांच्या एमएत शेवटून दुसरं वर्ष म्हणजे पहिलंच वर्ष!

आता महिने मोज. तुझे वर्ग पावसाळ्यात सुरू होतील, आणि ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठाच्या बस थांब्याची नीट ओळख व्हायच्या आत ऑक्टोबर उजाडेल. पहिल्या सत्राचा निकालही तेव्हा हातात नसेल. दुसऱ्या वर्षी "आता जरा अर्थमिती कळायला लागलीय, आता भरते अर्ज" असं म्हणशील, तेव्हा तू शेवटच्या वर्षाला असशील आणि या योजनेत बसणार नाहीस. एमएला आलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी ही तारीख फळ्यावर लिहून दाखवायचे. तरीही दरवर्षी एक-दोन जण जानेवारीत येऊन विचारायचे, "मॅडम, तो फॉर्म कधी सुटतो?"

आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. कॉलेजचं पत्र किंवा बोनाफाइड लागलं, तर ते मिळवायला आपल्याकडे किती दिवस जातात हे तुला माहीत आहेच. माझ्या ओळखीच्या एका मुलाने अर्ज सुरेख लिहिला होता. पण ज्यांची सही हवी होती ते रजेवर, कारकून म्हणाला सोमवारी या, आणि सोमवारी तारीख उलटून गेली होती. त्याचा तो उतरलेला चेहरा मी विसरलेले नाही. त्यामुळे ऑक्टोबरची सूचना निघण्याआधीच ऑफिसात जाऊन विचारून ठेव. अटींतले बारकावे बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षीची सूचना बँकेच्या संकेतस्थळावर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः वाच. कोणी फॉरवर्ड केलेल्या चित्रावर विसंबू नकोस.

आता मुख्य मुद्दा. ऑक्टोबरमध्ये तुझ्याकडे दाखवायला काय असेल? बीएचे गुण सगळ्यांकडे असतात. दिल्ली, चेन्नई, कोलकात्याच्या मुलांकडे त्यासोबत नावाजलेल्या संस्थांचा शिक्का असतो. तुझ्याकडे एकच गोष्ट अशी असू शकते जी त्यांच्याकडे नाही: तू ज्या मातीत वाढलीस तिथला एखादा प्रश्न, रिझर्व्ह बँकेच्याच आकड्यांवर घासून पाहिलेला, दोन पानांत लिहिलेला. माझ्या अनुभवात ज्यांची निवड झाली, त्या प्रत्येकाकडे असं काहीतरी होतं. गुण कमी असलेलेही त्यांत होते.

सत्तरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी मला आठवते. तिच्या वडिलांनी कर्ज काढून खनिजवाहतुकीचा ट्रक घेतला होता. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि ट्रक अंगणात उभा राहिला. ती तेव्हा शाळेत होती. एमएला आल्यावर अर्जातल्या निवेदनात तिने पहिल्यांदा लिहिलं होतं की आपल्याला लहानपणापासून बँकिंगची आवड आहे आणि रिझर्व्ह बँक ही देशाची शिखर संस्था आहे. मी कागद परत दिला आणि विचारलं, "तुझ्या अंगणातला तो ट्रक यात कुठेच कसा नाही?" ती गप्प झाली. घरची अडचण अर्जात लिहायची नसते असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, "अडचण लिहू नकोस. प्रश्न लिही. खाणी थांबल्यावर गोव्यातल्या बँकांच्या कर्जाचं काय झालं?"

मग ती कामाला लागली. रिझर्व्ह बँक जिल्हावार ठेवी आणि कर्जाचे आकडे प्रसिद्ध करते. त्यातून तिने उत्तर गोव्याचे २०१२च्या आधीचे आणि नंतरचे आकडे काढले आणि तुलनेला शेजारचा सिंधुदुर्ग घेतला. कल्पना चांगली होती: देशभर कर्जवाढ मंदावली असेल तर ती दोन्हीकडे दिसेल, खाणींचा फटका मात्र एकीकडेच. मी तिला विचारलं, "रेडीला काय आहे?" वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. म्हणजे तुलनेचा जिल्हाही खाणींपासून अगदी कोरा नव्हता. आठवडाभर ती हिरमुसली होती. मग तिने तो दोष झाकला नाही, टिपणातच लिहिला. शिवाय गावातल्या अकरा ट्रकमालकांशी बोलून प्रत्येकाचा हप्ता, थकबाकी आणि ट्रक विकला असल्यास किती रुपयांना विकला, एवढंच एका तक्त्यात मांडलं.

मुलाखतीत तिला खोदून विचारलं ते त्या तक्त्यावरच. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकांनी विचारलं, ट्रकमालकांनी सांगितलेले आकडे खरे कशावरून? ती म्हणाली, "सगळे खरे असतीलच असं नाही सर. सात जणांची पासबुकं पाहिली, चार जणांनी दाखवली नाहीत. त्या चौघांच्या नावापुढे मी खूण केलीय." तिची निवड झाली. मुंबईत तिला खाणींशी काडीचाही संबंध नसलेला विषय मिळाला, आणि तो तिने व्यवस्थित पुरा केला. तुझ्या आवडीच्या विषयावरच काम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. आकड्याशी प्रामाणिक कसं राहायचं हे तुला येतं का, एवढंच ते पाहतात.

तुलाही असाच एक प्रश्न शोधायचा आहे. गोव्यात तो शोधायला लांब जावं लागत नाही. काही सुचवते, पण यातलाच एखादा उचलायची सक्ती नाही.

गोव्यात बँकांकडे ठेवी भरपूर आणि त्या मानाने इथे दिलेलं कर्ज थोडं. बँकवाले ज्याला सीडी रेशो म्हणतात ते ठेवींशी कर्जाचं प्रमाण गोव्यात वर्षानुवर्षं देशाच्या सरासरीच्या कितीतरी खाली राहिलं आहे. का? आखातात, इंग्लंडमध्ये गेलेल्यांचा आणि जहाजांवरच्या तारवटींचा, म्हणजे खलाशांचा, पैसा घरी येतो, हे एक कारण सगळेच सांगतात. पण मग पैसा येणाऱ्या केरळात काय दिसतं? सासष्टी तालुक्यातल्या शाखा आणि सत्तरीतल्या शाखा यांच्यात फरक काय? कर्ज मागणारेच कमी आहेत, की मागणाऱ्यांकडे तारण ठेवण्याजोगे कागद नाहीत? कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक मालकीच्या), मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या), वाटणी न झालेल्या जमिनींचा गुंता तू घरीच पाहिला असशील. राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांच्या कागदपत्रांत यावर पुष्कळ माहिती असते, आणि गोव्यासाठी तिची निमंत्रक स्टेट बँक आहे. विद्यार्थी ते कागद उघडून पाहतच नाहीत.

दुसरा विषय ठेवविम्याचा. २०२० आणि २०२१ साली गोव्यातल्या दोन नागरी सहकारी बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने रद्द केले. त्याच सुमारास, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ठेवींवरच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती. हा विमा देणारं महामंडळ रिझर्व्ह बँकेच्याच मालकीचं. तुझ्या गावात ज्यांचे पैसे अडकले होते, त्यांना विम्याची रक्कम किती दिवसांत मिळाली, आणि त्यानंतर त्यांनी ठेव कुठे ठेवली? पंचवीस घरांत विचारलंस तरी हाती काहीतरी लागेल.

इतिहासाची गोडी असेल तर तिसरा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, तेव्हा इथे एस्कुदो चालत होता आणि नोटा बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेच्या होत्या. १९६२मध्ये त्यांची जागा रुपयाने घेतली. एका प्रदेशाचं चलनच बदललं तर बाजारातल्या किमतींचं, उधारीचं, गहाणाचं काय होतं? त्या बँकेत गोमंतकीयांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला गेले आणि १९९१मध्ये परत आले. ही गोष्ट तुझ्या आजीला नक्की आठवत असेल. रिझर्व्ह बँकेचा अभिलेखागार पुण्यात आहे, आणि बँकेच्या इतिहासाचे खंड तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. दुसरा खंड १९५१ ते १९६७ या काळाचा आहे. पणजीत राज्य अभिलेखागार आहेच. एमएच्या मुलाने या दोन ठिकाणचे कागद समोरासमोर ठेवले तर ते काम मी आनंदाने वाचेन.

आकडे मिळवायचे कुठून? रिझर्व्ह बँकेचा डीबीआयई नावाचा विदासंग्रह (डेटाबेस) आहे, सगळ्यांना खुला. बँकांच्या ठेवी-कर्जाचे तिमाही आकडे तिथे आहेत. राज्यांच्या अर्थसंकल्पांवर बँक दरवर्षी अहवाल काढते, त्यात गोव्याची ओळ शोध. राज्यांविषयीची सांख्यिकी पुस्तिका वेगळी असते. सुरुवातीला एकच तक्ता उतरव, एक्सेलमध्ये घाल आणि त्यातल्या प्रत्येक स्तंभाखालची टीप वाच. टिपा वाचायचा कंटाळा करणाऱ्याला हे काम जमत नाही, हे मी स्पष्ट सांगते. "मंजूर कर्ज" की "वापरलेलं कर्ज"? कर्ज जिथे मंजूर झालं ती जागा धरलीय, की जिथे वापरलं ती? मुंबईच्या शाखेने मंजूर केलेलं कर्ज वेर्ण्याच्या कारखान्यात वापरलं गेलं, तर ते गोव्यात मोजायचं की मुंबईत? एवढ्या एका प्रश्नावर सीडी रेशोचं अर्धं कोडं उभं आहे, आणि तो तळटिपेत दडलेला असतो.

घरी इंटरनेटची कटकट असेल तर पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बस. रिझर्व्ह बँकेचं पणजी कार्यालयही पाटोलाच आहे. माझी मुलं सकाळची कदंबा बस पकडून यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच असायची.

चलनविषयक धोरण हा वेगळा भाग आहे, आणि मुलाखतीत त्याला टाळता येत नाही. चलनविषयक धोरण समितीत सहा सदस्य असतात, तिघे बँकेचे आणि तिघे केंद्र सरकारने नेमलेले. समितीची पहिली बैठक ऑक्टोबर २०१६मध्ये झाली. महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, दोन टक्के खाली-वर चालेल, हे तिचं लक्ष्य. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होतं, आणि त्यात प्रत्येक सदस्याने आपलं मत का दिलं याचं स्वतंत्र निवेदन असतं. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजदराने कर्ज देते तो, किती हे पाठ करणारी मुलं खूप भेटतात. त्या सहा निवेदनांपैकी दोन परस्परविरोधी निवेदनं वाचून "मला हे पटतं, कारण..." असं बोलू शकणारी कमी.

मी वर्गात सहा खुर्च्या मांडून ही बैठक करायला लावायचे. एकदा जूनमध्ये बेतुलचा एक मुलगा सदस्य होता. त्याने रेपो दर वाढवायची सूचना केली, कारण काय तर बांगडा महागला! वर्ग हसला, पण मी त्याला थांबवलं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, म्हणून दर पावसाळ्यात मासळी महागते, हे त्याने नीट सांगितलं. मग समोरच्या मुलीने विचारलं, "दर वाढवल्याने बांगडा किनाऱ्याला लागणार आहे का?" तिथून चर्चेला खरी धार आली. पुरवठा अडल्यामुळे वाढलेली किंमत आणि मागणी जास्त झाल्यामुळे वाढलेली किंमत यांतला फरक. दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येणारी वाढ आणि अचानक आलेली वाढ यांतला फरक. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात मांस-मासळीचं वजन ३.६१ टक्के आणि सगळ्या खाद्यपेयांचं मिळून ४५.८६ टक्के; मग अन्नाच्या महागाईकडे धोरणाने काणाडोळा करावा का? आणि मासळी महागली म्हणून हॉटेलवाल्याने थाळीचा दर वाढवला, ऑगस्टमध्ये मासळी उतरली तरी थाळी उतरली नाही, तर काय म्हणायचं? हा शेवटचा मुद्दा त्या बेतुलच्या मुलाचाच. त्याच्या मामाचं खानावळीचं दुकान होतं. महागाईची दुसरी फेरी म्हणतात ती हीच, हे मला त्याला वेगळं शिकवावं लागलं नाही.

अशा सरावाचा उपयोग स्पर्धांतही होतो. रिझर्व्ह बँकेने महाविद्यालयांसाठी चलनविषयक धोरणाची स्पर्धा घेतली आहे, ज्यात विद्यार्थ्यांचा गट धोरण मांडतो आणि प्रश्नांना उत्तरं देतो. बँकेच्या ९०व्या वर्षात, २०२४मध्ये, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी प्रश्नमंजूषा झाली. राष्ट्रीय पातळीवरचं पहिलं बक्षीस १० लाखांचं होतं. तू आता पदवीच्या पुढे आलीस, पण तुझ्या धाकट्या बहिणीला असं काही पुन्हा निघालं तर नाव द्यायला सांग.

आता बाकीच्या वाटा.

संशोधन इंटर्नशिप ही उन्हाळी इंटर्नशिपपेक्षा वेगळी योजना आहे, दोन्हींची गल्लत करू नकोस. ही ज्यांना पुढे पीएचडीकडे जायचंय त्यांच्यासाठी. जागा मोजक्या, मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची, काम चांगलं असेल तर पुढे वाढते, आणि रुजू व्हायची वेळ वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. मुंबईत बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागासारख्या ठिकाणी अधिकाऱ्यांच्या शोधनिबंधांत हात लावायला मिळतो. शिक्षण पुरं झाल्यावरही ही वाट उघडी असते. तुझं एमएचं दुसरं वर्ष संपतं तेव्हा हिचा विचार कर. पण इथे स्टाटा, आर किंवा पायथन या संगणकावर आकडेमोड करायच्या साधनांपैकी काहीतरी हाताला सवयीचं असायला हवं. केवळ नाव ऐकून असणं पुरत नाही. विदा आली, ती साफ केली, समीकरण चालवलं, तक्ता काढला, हे सगळं एकटीने करता आलं पाहिजे. सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल रिसर्च अँड लर्निंग, म्हणजे कॅफ्राल, ही रिझर्व्ह बँकेनेच मुंबईत उभी केलेली संस्था. तिथेही संशोधन साहाय्यक घेतात, आणि अपेक्षा साधारण अशीच असते.

इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था ही तर शिकायचीच जागा. रिझर्व्ह बँकेने १९८७मध्ये ती स्थापन केली, १९९५पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. गोरेगावला, फिल्म सिटीच्या रस्त्यावर, निवासी परिसर. अर्थशास्त्राचं एमएस्सी आणि पीएचडी दोन्ही तिथे होतं. तू एमएला प्रवेश घेतला आहेस, त्यामुळे तुझ्यासाठी तिथली पीएचडी. मात्र बीएच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेलं कोणी हे वाचत असेल, तर त्याने एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचे जुने प्रश्न आजच पाहावेत. गणित लागतं. आपल्याकडे कला शाखेतून अर्थशास्त्राला येणारी मुलं बारावीलाच गणित सोडतात आणि ते नंतर आडवं येतं. कलन (कॅल्क्युलस) आणि आव्यूह (मॅट्रिक्स) पुन्हा शिकायला वय आडवं येत नाही. रोज तास दिला तर सहा-आठ महिन्यांत पकड येते. मी असे तिघे-चौघे घडताना पाहिले आहेत.

ग्रेड बीची परीक्षा शेवटी द्यायचीच आहे, पण तिच्यातही फरक समजून घे. सर्वसाधारण प्रवाह, आर्थिक व धोरण संशोधन विभागाचा प्रवाह, आणि सांख्यिकी व माहिती व्यवस्थापन विभागाचा प्रवाह, असे तीन वेगळे प्रवाह आहेत. क्लासवाले बहुतेक पहिल्याचीच तयारी करून घेतात, कारण जागा तिथे जास्त. तुला संशोधन करायचं असेल तर दुसरा प्रवाह तुझा. त्याला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते आणि लेखी परीक्षेत अर्थशास्त्र खोलवर विचारतात. वय साधारणपणे २१ ते ३०, पीएचडी असेल तर सवलत. इंटर्नशिप केली म्हणून या परीक्षेत कुठलीही सूट मिळत नाही, हेही लक्षात ठेव.

नाबार्ड, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक, हिचीही विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप आहे, पणजीत त्यांचं प्रादेशिक कार्यालय आहे, आणि काम गावांत फिरून करायचं असतं. शेती, दूध, स्वयंसाहाय्य गट यांत रस असेल तर जरूर पाहा. आणि तुमच्या विभागातल्या सर-मॅडमना सांग की रिझर्व्ह बँक अर्थशास्त्र-वित्त शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठीही तीन महिन्यांची शिष्यवृत्ती देते. एक शिक्षक तिथे राहून आला की त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या वर्गांना फायदा होतो.

पैशाचं बोलते, कारण घरी पहिला प्रश्न तोच निघेल. २०,००० रुपयांत मुंबईत तीन महिने निघतात, पण ओढूनताणून. राहायची सोय आपली आपण करायची असते. बँकेचं मुख्यालय फोर्टला, पण तिथे जवळ राहणं परवडत नाही. मध्य किंवा पश्चिम रेल्वेवर कुणा नातेवाइकाकडे, किंवा मुलींच्या वसतिगृहात दोघींत एक खोली, असं बहुतेकींनी केलं. गोमंतकीयांचे गिरगाव-दादरला पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध आहेत. घरच्यांना विचार, कोणीतरी आत्या-मावशी निघतेच. निवड झाल्याचं कळल्यावर नाही, अर्ज भरतानाच विचार.

"आमच्यासारख्या गावातल्या मुलांना तिथे घेतात का?" या प्रश्नात मला एक भीती इंग्रजीचीही दिसते. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीपासून इंग्रजीत आलेली मुलंच मी आयुष्यभर शिकवली. अडखळत बोलणाऱ्याला कोणी नाकारलं असं मी पाहिलं नाही. जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं बोलणाऱ्याला मात्र नाकारलेलं पाहिलं आहे. तुझं टिपण आधी मराठीत लिही. विचार स्वच्छ झाला की मग इंग्रजीत उतरव, आणि लांब वाक्यं तोड. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. इथून मुंबईला निघालीस की त्याच मुलखातून तुझी गाडी जाते.

तर आता जून आहे. या महिन्यात प्रश्न ठरव आणि तो एका वाक्यात लिही. एका वाक्यात मावत नसेल तर तो अजून विषय आहे, प्रश्न झालेला नाही. जुलैत एक तक्ता कर. चवथीला गावात सगळे असतात, मुंबईचे नि परदेशातले चाकरमानी घरी येतात, तेव्हा दहा-पंधरा घरांत जाऊन बोल. आरत्या आटोपल्यावर माणसं मोकळी बसलेली असतात, माझ्या मुलांना सगळ्यात चांगली उत्तरं त्याच दिवसांत मिळाली. सप्टेंबरअखेर दोन पानं लिहून काढ आणि तुमच्या विभागात शिकवणाऱ्या कोणाही एकाला दाखव, ज्यांच्याकडून तुला शिफारस हवी आहे त्यांना आधी. कागद लाल शाईने भरून आला तर तो जपून ठेव, मुलाखतीच्या आधी तोच पुन्हा काढायचा आहे. डिचोलीची आहेस, म्हणजे खाणपट्टा तुझ्या दारातच आहे. पण तेच घेतलंस तर तुलनेला सिंधुदुर्ग घ्यायच्या आधी रेडीचं काय करणार, ते ठरवून ठेव.